कार्डावरचं कुंकू

त्या सकाळी मी देवापुढे दिवा लावला नाही. विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम. काडेपेटी हातात घेतली, निरांजनाकडे पाहिलं आणि काडेपेटी परत फळीवर ठेवून दिली. आमच्या देव्हाऱ्यात मातामायचा, म्हणजे आमच्याकडच्या गावदेवीचा, शेंदूर लावलेला गोटा आहे. सासूबाईंनी तो करडी गावच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून आणला होता. त्याच्याकडे पाहून मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, ‘‘बारा वर्षं तुला कुंकू लावलं, आणि तू माझा आकडाच पुसून टाकलास. आता तूच बस उपाशी.’’ स्वयंपाकघरातून आमचे हे डोकावले आणि परत आत गेले. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलेलं आहे की मी देवाशी भांडत असताना मधे पडायचं नसतं.

ते भांडण नीट कळायला थोडं मागे जायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर वरठीला आणि शाळा करडीला. आमचे हे जवाहरनगरच्या कारखान्यात टर्नर. लहानपणी मला सांधे धरणारा ताप आला होता. सांधे सुटले, पण त्या तापाने हृदयाची झडप खराब करून ठेवली. चाळिशी ओलांडल्यावर ती बदलावी लागली. छातीचं हाड मधोमध कापून आत नवा व्हॉल्व्ह बसवला. धातूचा बसवला तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि सारखी रक्ततपासणी मागे लागेल म्हणून मीच हट्टाने टिश्यूचा, प्राण्याच्या ऊतीपासून केलेला, मागितला. हा दहा-पंधरा वर्षं टिकेल, मग पुन्हा बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. टेबलावर पडलेल्या माणसाला दहा-पंधरा वर्षं म्हणजे दुसरा जन्मच वाटतो.

तो जन्म यंदा संपत आला. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की धाप लागायची. पोरं बिचारी खडू हातातून घेऊन ‘‘बाई, तुम्ही सांगा, मी लिहितो’’ म्हणू लागली. संध्याकाळी पाय सुजायचे, आडवं झालं की जीव घुसमटायचा. आणि आजारपण परवडलं पण सल्ले नकोत, अशी गत झाली. जाऊबाई म्हणाल्या, जुना टाका पुन्हा उसवला तर जखम भरत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, त्यांच्या साडूचं तर पायातूनच, शिरेत नळी घालून झालं, तिसऱ्या दिवशी माणूस बाजारात. शेजारच्या काकूंनी अर्जुनसालीचा काढा आणून दिला आणि मी तो पिते की नाही हे बघायला दारातच उभ्या राहिल्या. माझ्या छातीत कुठून शिरायचं यावर अख्ख्या वरठीचं मत होतं. त्यात माझंही होतंच. मी मोबाइलवर वाचून वाचून ठरवून टाकलं होतं की माझं पायातूनच व्हायला पाहिजे. मातामायला मी रोज तेच सांगत होते. नुसतं ‘बरं कर’ असं नाही, ‘पायातून बरं कर’ असं. देवाला मार्गसुद्धा आखून देत होते.

नागपूरचे डॉक्टर मात्र शांत माणूस. त्यांनी कागदावर छातीचं चित्र काढून तीन वाटा दाखवल्या. पहिली जुनीच, छातीच्या हाडातून. पण पहिल्या ऑपरेशननंतर हृदय आतून हाडाला चिकटून बसलेलं असतं. ते हाड पुन्हा कापताना करवतीखाली हृदयच येऊ शकतं, म्हणून ही वाट त्यांना शक्यतो नको होती. दुसरी वाट उजव्या कुशीतून, बरगड्यांच्या फटीतून. त्यात हाडाला हात लावायचा नाही, पण हृदय थांबवून मशीनवर घ्यावं लागतं, आणि माझी फुप्फुसं आधीच पाण्याने जड झालेली. तिसरी वाट जांघेतल्या शिरेतून. नळीने वर हृदयापर्यंत जायचं आणि जुन्या व्हॉल्व्हच्या आतच नवा उघडायचा.

‘‘पण जुना पुरेसा मोठा असला तरच,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘लहान असला तर त्याच्यात दुसरा बसवून वाट आणखी अरुंद होईल, आणि तुमची धाप तशीच राहील. स्कॅनवर माप दोन साइझच्या मधे येतंय. तुमचं व्हॉल्व्हचं कार्ड आणा. त्यावर कंपनी आणि साइझ लिहिलेली असते, मग अंदाजाने काही करावं लागणार नाही. सोमवारी भरती व्हा. पाणी वाढतंय, फार थांबता येणार नाही. आकडा नाही मिळाला तर मी कुशीतूनच जाईन.’’

कार्ड आहे, असं मी ताठ मानेने सांगितलं. कार्ड होतंच. ते कुठे होतं तेही ठाऊक होतं. देव्हाऱ्यात.

आता ते तिथे कसं गेलं, तर पहिल्या ऑपरेशननंतर घरी सोडताना नर्सने ते जाड पांढरं कार्ड हातात दिलं होतं आणि ‘‘जिवापाड जपून ठेवा’’ म्हणून बजावलं होतं. आमच्याकडे जिवापाड जपायची वस्तू देव्हाऱ्यात जाते. शेताचा सातबारा तिथे, पेरणीच्या धानाची पहिली मूठ तिथे, मुलीची पत्रिका तिथे. कार्डही तिथेच गेलं. ते तेवढ्यावर थांबलं असतं तरी भागलं असतं. पण पुढे खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी मशिनींची पूजा होते. हे दरवर्षी आपल्या लेथला हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून येतात आणि घरी आले की पान्हे, पकड, मोटारसायकलची किल्ली पाटावर मांडून त्यांचीही पूजा करतात. त्या वर्षी त्यांनी पाटावर पान्ह्याशेजारी माझं कार्ड मांडलं.

‘‘हे कायले?’’ मी विचारलं.

‘‘तुया आंगात बी मशीनच बसवली ना? साऱ्याईत जास्त काम तेच करून राहिली. रविवारचीबी सुट्टी नाई तिले. आत हात पोचत नाई, म्हनून कार्डाले लावून देतो.’’

मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू? आपल्या नवऱ्याने आपल्या हृदयाची पूजा करावी हे किती बायकांच्या नशिबी असतं? त्यांनी वर्षातून एकदा ओलं कुंकू लावलं, आणि मी त्यांच्या वरताण, दर शुक्रवारी मातामायसोबत कार्डालाही लावू लागले. कधी गंध, कधी हळद, सणावाराला पंचामृताचे दोन थेंब. बारा वर्षांचे शुक्रवार. नागपूरहून येऊन मी ते कार्ड काढलं तेव्हा लाल-पिवळ्या खपलीचा एक तुकडा हातात आला. ओल्या कापसाने खपली पुसायला गेले तर कार्डाचा कागदच सोलून निघाला. एका बाजूवरचं माझं नाव शाबूत. दुसऱ्या बाजूला पेनाने लिहिलेली कंपनीची ओळ शाई पसरून निळा डाग झालेली. साइझच्या चौकोनात एक ‘दोन’ दिसत होता. त्याच्या पुढचा आकडा कुंकवात कायमचा गेला होता.

मग सुरू झाला संताप. ज्या दवाखान्यात पहिलं ऑपरेशन झालं तिथे फोन केला. अर्धा तास होल्डवर बासरी ऐकवून त्यांनी सांगितलं की इतकी जुनी फाईल ठेवत नाहीत. तेव्हाचे सर्जन परदेशी गेलेले, त्यांचा पत्ता कुणाकडे नाही. घरातली सुटकेस, पलंगाखालची पेटी, माळ्यावरची पोती, सगळं उपसून झालं. डिस्चार्जचा कागद सापडला, त्यावर नुसतं ‘टिश्यू व्हॉल्व्ह बसवला’ एवढंच. यांनी भिंग आणलं, उन्हात कार्ड धरलं, तिरपं करून पाहिलं. ‘‘मले नऊवानी वाटून राहिलं,’’ म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, ‘‘पाचबी असू शकते.’’ मी म्हटलं, ‘‘मशिनीचा पार्ट असा अंदाजाने बसवता का तुम्ही?’’ कार्ड हातात धरून बाजेवर बसून राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘म्याच केलं हे.’’ तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की एक कुंकू तुमचं, पन्नास माझी. म्हटलं नाही. राग आलेला माणूस दुसऱ्याच्या चुकीला घट्ट धरून ठेवतो, आणि त्यात मी तर बाई शाळामास्तरीण.

अशी ती शुक्रवारची सकाळ उजाडली, बिनदिव्याची. सोमवारी भरती व्हायचं होतं आणि रजेचा अर्ज अजून द्यायचा होता, म्हणून धापा टाकत मोहाडीला पंचायत समितीत गेले. शिक्षण विभाग वरच्या मजल्यावर. प्रत्येक पायरीला मी एकेकाला शिव्या घालत होते. पायऱ्या बांधणाऱ्याला, बासरी ऐकवणाऱ्याला, काढेवाल्या काकूंना आणि सर्वात जास्त मातामायला. वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली होती. टेबलावरच्या क्लार्क बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्याच वयाच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. रजेची नोंद करायला त्यांनी माझं सेवापुस्तक काढलं आणि पानं उलटताना मधेच थांबल्या.

‘‘मॅडम, हे काय लावून आहे? हे तुमचंच आहे का?’’

पानाला टाचलेली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात एक झेरॉक्स. एका बाजूला माझं नाव. दुसऱ्या बाजूला कंपनी, मॉडेल, नंबर आणि साइझच्या चौकोनात स्वच्छ, ठळक एकोणतीस. खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का. आणि कोपऱ्यात लाल शाईने, बारीक, टापटीप अक्षरात लिहिलेलं: ‘मूळ कार्ड पाहिले. वारंवार मागू नये म्हणून प्रत सेवापुस्तकात कायम ठेवली.’ त्याखाली सही होती. ती सही ओळखायला मला चष्मा लागला नाही.

मेश्राम बाबूंची सही होती ती. गेली कित्येक वर्षं वरठीच्या रस्त्यावर ज्यांना पाहून मी पलीकडच्या बाजूला जात असे, ते मेश्राम बाबू.

पहिल्या ऑपरेशननंतर लगेचच्या निवडणुकीत माझी ड्यूटी लागली होती. मतदान-यंत्र घेऊन कुठल्यातरी गावी मुक्काम. छातीचं हाड अजून जुळायचं होतं. सूट मिळावी म्हणून अर्ज दिला, तर तेव्हा याच टेबलावर बसणाऱ्या मेश्राम बाबूंनी तो परत केला. पुरावा जोडा. मी डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. पुन्हा परत. चिठ्ठी कुणीही आणते मॅडम, बसवलेल्या वस्तूचं कार्ड असते, त्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स लावा. मी एका बाजूची लावली. तिसऱ्यांदा परत. मग मूळ प्रत दाखवा म्हणाले. तेव्हा भर ऑफिसात मी ओरडले होते, ‘‘छाती फाडून दाखवू का तुम्हाला?’’ तो माणूस हसला नाही की चिडला नाही. ‘‘त्याची गरज नाई मॅडम. दोन्ही बाजूची झेरॉक्स पुरते,’’ म्हणाले. देव्हाऱ्यातून ते कार्ड, तेव्हा नवं कोरं होतं, काढून नेलं, झेरॉक्स काढली, त्यांच्यापुढे आपटली आणि घरी येऊन मातामायसमोर त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली. त्यानंतर कुठल्याच निवडणुकीत माझ्याकडे कुणी पुरावा मागितला नाही. हे असं का, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

क्लार्क बाईंनीच आपल्या फोनवर फोटो काढून मी सांगितलेल्या नंबरवर डॉक्टरांना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. मोठा आहे, शिरेतून जाऊ. मी त्या खुर्चीत बसून रडले. आनंदाने म्हणावं तर तसंही नाही, शरमेने जास्त. ज्या एका दिवशी मी दिवा लावला नव्हता तोच दिवस मातामायने निवडला. बारा वर्षांच्या माझ्या पूजेने आकडा पुसला, आणि ज्याला मी शिव्या दिल्या त्याच्या चिकटपणाने तो राखला. मातामायने हे घडवलं की घडलं, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या पायऱ्या उतरताना मी एकालाही शिवी दिली नाही.

तसंच मेश्राम बाबूंच्या घरी गेले. आता निवृत्त आहेत. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि कपाटात पाठीवर लेबलं लावलेल्या फायलींची रांग. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काळा चष्मा होता. मी नाव सांगायच्या आतच म्हणाले, ‘‘आवाजावरून ओळखलं. छाती फाडून दाखवनाऱ्या मॅडम.’’ मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले आणि हात जोडून ‘जय भीम’ केला. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, आणि मी रडवेली होऊन आभार मानणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘‘पन मूळ प्रत कुठं आहे?’’

मी पर्समधून तो लाल-पिवळा तुकडा काढला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला, हुंगला. ‘‘कागदाले कुंकू कायले लावता मॅडम? देवाले लावा, कोनाची ना नाई. कागदाले कोरडं ठेवा लागते.’’

‘‘तुम्ही ती झेरॉक्स सेवापुस्तकात कशाला लावून ठेवली होती?’’ मी विचारलं. ‘‘मी तुम्हाला इतकं बोलले होते.’’

‘‘बोलल्या म्हनूनच त लावली. दरवर्षी मांगतली असती त दरवर्षी बोलल्या असत्या. अन् घरचा कागद हरवते. मायाजवळ तीनशे मास्तर होते, साऱ्याईचे हरवत.’’

बस, इतकंच होतं त्यांच्याजवळ. ना माझ्यावर दया, ना काही थोर हेतू. कंटाळलेल्या माणसाने कंटाळा टाळायला केलेली एक नीट गोष्ट. मी चमत्काराला सोन्याची किनार शोधत होते आणि हा माणूस मला कोरडा कागद दाखवत होता. घरी येऊन मी यांना म्हटलं, ‘‘एक कुंकू तुमचं होतं, बाकी सगळी माझी.’’ यांनी मान खाली घालून विचारलं, ‘‘मंग चहा ठेवू का?’’

सोमवारी भरती झाले. ऑपरेशनच्या सकाळी संमतीच्या कागदावर लिहिलेलं होतं की शिरेतून जमलं नाही तर कुशीतून उघडावं लागेल, आणि तेही नाही जमलं तर हाडातून. एवढा सगळा आटापिटा करून पुन्हा तिन्ही वाटा एकाच कागदावर! माझं डोकं भडकणार होतं. मग वाटलं, मी काय मातामायला वाटा दाखवणार? मी सांगितलेल्या वाटेने ती आली तरी कधी? कुंकवाची वाट मी सजवली होती, आली ती लाल शाईच्या वाटेने. सही केली. स्ट्रेचरवर झोपवल्यावर पहिल्यांदाच काही मागितलं नाही, काही अटही घातली नाही. म्हटलं, माय, तुला जिथून यायचं तिथून ये. त्यानंतरचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा छातीवर पट्टी नव्हती, जांघेत होती, आणि मी उताणी पडून श्वास घेत होते. कित्येक महिन्यांनी उताणी. हे पायाशी उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, जप करत होते की माझे श्वास मोजत होते, कुणास ठाऊक.

निघताना नर्सने नवं कार्ड दिलं. ‘‘जपून ठेवा,’’ म्हणाली. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो, तिला कळलं नाही.

पुढे खंडेनवमी आली. यांनी पाट मांडला, पान्हे मांडले, किल्ली मांडली आणि माझ्याकडे पाहत अवघडून उभे राहिले. मागायची हिंमत नव्हती. मी कपाटातून नव्या कार्डाची झेरॉक्स काढून दिली. त्यांनी तिलाच कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि पूर्वीसारखेच डोळे मिटून उभे राहिले. मातामायपुढे दिवा रोज लागतो. तिला आता मी काही मागत नाही असं नाही, सवय कुठे जाते? पण कसं द्यायचं ते मात्र सांगत नाही. आणि रस्त्यात कुणी नियमावर बोट ठेवून अडवलं की अजूनही संताप येतो, फक्त बोटं मोडायच्या आधी जरा थांबते. काय सांगावं, याच माणसाकडे माझा पुढचा श्वास टाचून ठेवलेला असायचा.

सेवापुस्तकात लावायची प्रत मी आधी मेश्राम बाबूंकडे घेऊन गेले. तसं काही कारण नव्हतं. त्यांनी मूळ कार्ड एका हातात धरलं, झेरॉक्स दुसऱ्या हातात, आणि आपल्या नव्या डोळ्यांनी एकेक आकडा जुळवून पाहिला. दोन्ही बाजू. मी हात जोडून समोर बसले होते, देवळात बसावं तशी. मग दोन्ही माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

मी म्हटलं, ‘‘मेश्राम बाबू, तुमच्यामुळे मी आहे.’’

‘‘ते असू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘पुढची निवडणूक आली का अर्ज वेळेवर द्या.’’

मी ‘हो’ म्हटलं. पहिल्यांदाच, वाद न घालता.